बापूजी उमाट्यांचा बोहनीचा हात

पुलगावात लोकांनी मुद्दाम बोलावून न्यावेत असे दोनच हात होते. एक मुरगळलेला पाय बसवणाऱ्या तानबाचा आणि दुसरा बापूजी उमाट्यांचा. तानबाला आपला हात चांगला आहे हे पक्कं ठाऊक होतं आणि तो त्याचा मोबदलाही घेत असे. बापूजींना स्वतःच्या हाताबद्दल काडीची खात्री नव्हती, आणि मोबदला म्हणून त्यांना मिळायची ती फक्त दर सोमवारची जळजळ.

बापूजी कापडाच्या मिलमध्ये हजेरीचे कारकून होते. नशीब वाटलं जात असताना ते बहुधा दुसऱ्या कुणाची तरी हजेरी मांडत बसले असावेत. त्यांची सायकल दोनदा चोरीला गेली आणि दोन्ही वेळा चोरानं कुलूप तेवढं जागेवर ठेवलं. लॉटरीच्या रांगेत सुटे पैसे शोधताना त्यांनी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं, तर बक्षीस त्या माणसाला लागलं. मिलमध्ये उमाटे आडनावाचे चौघे होते. बढतीच्या यादीत तीनदा उमाटे हे नाव आलं आणि तिन्ही वेळा ते उमाटे दुसरेच निघाले. मिलच्या दारावर पेढे वाटणाऱ्या त्या दुसऱ्या उमाट्यांकडून बापूजींनी तिन्ही वेळा पेढा घेतला, आणि पेढा चांगला असल्याचंही सांगितलं.

अशा माणसाचा हात शुभ आहे, असं सबंध तवा-लाइनीनं एकमतानं ठरवलं होतं.

तवा-लाइन म्हणजे रविवारच्या बाजाराची खाण्याची बाजू. रेल्वे फाटकाच्या पलीकडे, मिलची भिंत आणि डेपोचा रस्ता यांच्या मधल्या मैदानात बाजार भरे. एका बाजूला भाजी, मिरची, दोर, चपला, कुलपं. दुसऱ्या बाजूला अकरा चुली. गावाजवळ दारूगोळ्याचा मोठा डेपो, त्यामुळे देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसं बदलून येत. ती आपापल्या बायका, देव आणि तवे घेऊन येत. शिपायाच्या पगारात भागत नसे, मग रविवारी कुणाची बायको इडलीचं भांडं घेऊन बसे, कुणी पेन्शनीत निघालेला हवालदार छोले मांडे. चार पावलांत माणूस मद्रासहून अमृतसरला जाई, तिथून डावीकडे वळला की कलकत्ता, आणि परत येताना सिंध्याचं दाल-पकवान लागे. चौघांचं कुटुंब दोन-अडीच रुपयांत पोटभर खाऊन घरी जाई. त्यातल्या निम्म्या पदार्थांची नावं घरी पोचेपर्यंत विसरलेली असत, पण चव पुढच्या रविवारपर्यंत टिके.

या अकरा चुलींची भाषा एक नव्हती, देव एक नव्हता, तिखटाचं माप तर मुळीच एक नव्हतं. पण एका गोष्टीत सगळे सख्खे भाऊ होते. ती गोष्ट म्हणजे बोहनी.

दिवसाची पहिली विक्री ती बोहनी. बोहनीच्या गिऱ्हाइकानं घासाघीस करायची नाही, उधार मागायचं नाही. ते नाणं कपाळाला लावून गल्ल्यात टाकायचं. बोहनी होईपर्यंत दुकानदारानं स्वतःचा एक पैसाही बाहेर काढायचा नाही, शेजारच्याचा चहासुद्धा घ्यायचा नाही. घरच्या माणसाचा पैसा बोहनीत धरायचा नाही. आणि तवा-लाइनीचा स्वतःचा एक जादा नियम होता: बोहनीची प्लेट तिथंच उभं राहून, दुकानदाराच्या डोळ्यांसमोर, संपवायची. बांधून नेली तर बरकतही सोबत बांधून जाते, असं त्यांचं म्हणणं.

बापूजी यात सापडले ते एकोणसत्तर साली. त्या रविवारी यशोदाबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, उपास होता आणि बापूजींना भूक होती. कामाक्षीअम्मा नावाची एक मद्रासी बाई त्याच दिवशी पहिल्यांदा इडली घेऊन बसली होती. ते गोल, पांढरं काहीतरी काय आहे हे गावात कुणाला माहीत नसल्यानं लोक लांबून पाहून जात होते. बापूजींनी आठ आणे दिले आणि खाल्लं. शेवटचा घास ते गिळत होते तोच सायडिंगला फौजेची गाडी येऊन थांबली. तीन तास थांबली. तिच्यात सगळी दक्षिणेकडची पलटण. अर्ध्या तासात कामाक्षीअम्माचं भांडं धुतल्यासारखं झालं.

गाडीचा थांबा रेल्वेनं आठ दिवस आधी ठरवला होता, पण श्रेय मिळालं ते बापूजींच्या हाताला. पुढच्या रविवारी छोलेवाले गुरबचनसिंग हवालदार त्यांना दंडाला धरून घेऊन गेले. त्याच्या पुढच्या रविवारी रसगुल्लेवाले निमाईबाबू. वर्षभरात अशी वेळ आली की दुपारी चार वाजता बापूजी फाटक ओलांडून येईपर्यंत तवा-लाइनीत कुणी कुणाला काही विकत नसे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी दुकानदार हात जोडून सांगे, "पहले बापूजी." मग बापूजी इडलीपासून सुरू करत आणि अकराव्या चुलीपर्यंत खात जात. दहा वर्षांत त्यांनी गावासाठी जेवढं पोटात घातलं तेवढं एखाद्या पुढाऱ्यालाही जमलं नसेल, आणि ते सगळं पदरच्या पैशानं.

"अवो, तुमाले नाई मनता येत नाई काय?" यशोदाबाई सोमवारी ओव्याचं पाणी देताना विचारत.

"लोक बिचारे वाट पाहून राह्यले असतात," बापूजी पोटावर हात ठेवून म्हणत. "आन् खरं सांगू काय, त्या निमाईचा रसगुल्ला असतेच चांगला."

यशोदाबाईंनी स्वतः मात्र तवा-लाइनीत पाऊल टाकलं नव्हतं. त्या भाजीच्या बाजूनं यायच्या आणि भाजीच्याच बाजूनं परत जायच्या. बाहेरचं खायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि त्यामागं सोवळंओवळं नव्हतं, हिशेब होता. त्या म्हणत, "ज्याची चूल आपण पायली नाई, त्याचा घास कसा घ्याव?" लग्नाकार्यातसुद्धा त्या आधी मांडवामागं जाऊन आचाऱ्याची चूल बघून येत आणि मगच पानावर बसत. एकदोन आचारी त्यामुळं काम सोडून गेले होते.

एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर बापूजी मिलमधून निवृत्त झाले. हार घालायला आलेल्या साहेबांनी हार घातला तो शेजारी उभ्या असलेल्या उमाट्यांना; मग लक्षात आल्यावर तो काढून यांना घातला. महिन्याभरात मिलचं क्वार्टर सोडायचं होतं. पुढं दोन रस्ते होते. एक, आंजीला थोरले भाऊ रामाजी यांच्या घरी जाऊन राहायचं. रामाजी देवमाणूस होते, पण घर त्यांच्या बायकोचं, आनंदाबाईंचं होतं. त्या घरात मिठाची भरणीसुद्धा आनंदाबाईंच्या हातानंच उघडली जाई. यशोदाबाई नवी नवरी म्हणून तिथं चार वर्षं राहिल्या होत्या आणि त्या चार वर्षांत त्यांनी स्वतःच्या मनानं एकदाही फोडणी दिली नव्हती. तीस वर्षं स्वतःच्या चुलीपुढं बसलेल्या बाईनं आता परत जाऊन लसूण सोलत बसायचं.

दुसरा रस्ता यशोदाबाईंनीच काढला.

"फाटकापाशी एक खोली हाय भाड्यानं," त्या म्हणाल्या. "तुमच्या पेन्शनीत भाडं होते, पोट होत नाई. पोटाचं मी पायते. मी तवा-लाइनीत बसते म्हणते."

बापूजींच्या हातातली सुपारी खाली पडली. "तू? तिथी? आन् विकशीन काय?"

"लांब पोळी."

आता लांब पोळी म्हणजे काय, हे वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगायला हवं. गव्हाचं पीठ कपड्यातून गाळायचं, मिठाच्या पाण्यात सैल भिजवायचं आणि ते लवचीक होईपर्यंत आपटत राहायचं. मग त्याचा गोळा हातावर घेऊन दोन्ही हातांवरून असा सोडायचा की तो कोपरापर्यंत पडद्यासारखा लोंबतो. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर तापलेलं असतं, त्यावर तो पडदा अंथरायचा. पोळी तयार होते ती धोतराएवढी आणि धोतराएवढीच पातळ. खापर थंड असलं तर पोळी चिकटते, जास्त तापलं तर खापर तडकतं. त्यामुळं एका बाईनं पोळी करायची आणि दुसऱ्या माणसानं चुलीपुढं बसून जाळ सांभाळायचा. तो जाळ सोडून उठला की सगळं संपलं.

आनंदाबाईंनी निरोप पाठवला, की खोली सारवून ठेवली आहे, हा पोरखेळ दोन रविवारात आटपा आणि या. यशोदाबाईंनीही निरोप पाठवला, की बरं, दोन रविवार.

पहिला रविवार वाया गेला, कारण आंजीहून एस.टी.त मांडीवर घेऊन आणलेलं खापर देवळीच्या वळणावर तडकलं. दुसऱ्यांदा बापूजी आणायला गेले आणि दोन खापरं आणली. एक फाटकापाशी उतरताना गेलं. राहिलं एक खापर आणि एक रविवार.

त्या रविवारी तीन वाजता यशोदाबाईंनी इडली आणि छोल्यांच्या मधे बारावी चूल मांडली. घरून पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शानं भरलेला पितळी गंज आणला होता. एक पोळी आणि वर पळीभर रस्सा, आठ आणे. जाळ सांभाळायला बापूजी बसले. पहिल्या चार पोळ्या यशोदाबाईंनी करून, घड्या घालून, पांढऱ्या फडक्यावर ठेवल्या आणि त्या गिऱ्हाइकाची वाट पाहू लागल्या.

गिऱ्हाईक दोन जातींचं होतं. डेपोतल्या बायका येत, थांबत, आणि त्या घड्यांकडे पाहत.

"ये बेचने का है?" एकीनं विचारलं. "ये तो कपड़ा लगता है."

"खाने का है, बाई," बापूजी म्हणाले.

"अच्छा," असं म्हणून ती पुढे गेली. चेहऱ्यावरून वाटत होतं की नवऱ्याला सांगण्यासारखं काहीतरी तिला मिळालं आहे.

दुसरी जात गावातल्या लोकांची. त्यांना ती पोळी जन्मापासून माहीत होती आणि तीच अडचण होती. मिलमधले बापूजींचे सोबती अण्णाजी हात मागं बांधून उभे राहिले.

"वा, वैनी. मोठी झकास झाली."

"मंग घ्या ना एक," बापूजी म्हणाले.

अण्णाजींनी इकडंतिकडं पाहिलं. "बापूजी, मी इथी उभं राहून पोळी इकत घेतली, आन् कोणी पायलं, तं गावात बातमी होईन. लोक मनतीन, अण्णाजीची बायको माहेरी पयाली."

साडेतीन झाले. पावणेचार झाले. फडक्यावरच्या चार पोळ्या चारच राहिल्या. यशोदाबाईंनी एक पोळी उचलून, तिची घडी मोडून, पुन्हा तशीच घातली.

बापूजींना ते पाहवेना. त्यांनी अण्णाजींना खुणेनं जवळ बोलावलं आणि चुलीत लाकूड सरकवण्याच्या मिषानं त्यांच्या हातात आठ आणे कोंबले. अण्णाजी दहा पावलं लांब गेले, तिथून वळले, आणि प्रथमच येत असल्यासारखे येऊन म्हणाले, "काय बाई, पोळी कशी दिली?"

यशोदाबाईंनी नाणं हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि नवऱ्यापुढं धरलं. "अवो, याच्यावर राख हाय. चुलीपाशी तुमी बसून हा, का अण्णाजी?"

"राख उडत असते बाजारात," बापूजी म्हणाले.

"घरच्या पैशाची बोहनी होत नाई. दहा वर्सं तुमीच मले सांगून राह्यले." त्यांनी नाणं कनवटीला लावलं. अण्णाजी चपला पाहायला निघून गेले.

आणि मग चार वाजले.

चार वाजता बापूजींनी फाटक ओलांडून यायचं, ही तवा-लाइनीची घड्याळासारखी सवय. आज ते आधीपासूनच आत होते, पण चुलीपुढं उकिडवे. त्यांना तिथून उठता येत नव्हतं. उठले की जाळ पडणार, किंवा भडकणार, आणि उरलेलं एकमेव खापर जाणार. सगळ्यांत पहिल्यांदा कामाक्षीअम्मा आली. दहा वर्षांत ती भाजीबाजारातूनच मराठी शिकली होती, त्यामुळं तिचं प्रत्येक वाक्य भाव केल्यासारखं यायचं.

"बापूजी, काऊन आले नाई? इडली थंडी होऊन राह्यली. इतका उशीर परवडत नाई."

"अम्मा, मी हललो तं खापर फुटते."

"मग माझं काय?"

तिच्यामागोमाग गुरबचनसिंग आले. फौजेत असताना त्यांनी वीस वर्षं वेळेवर जेवण वाढलं होतं. "बापूजी, छोले तैयार, कुलचे तैयार, पब्लिक तैयार. सिर्फ आपका हाथ नहीं है."

"हवालदारसाहेब, हाथ इधर जाल पकड़ के बैठा है."

"तो जाल मैं पकड़ता हूँ."

यशोदाबाई मधेच बोलल्या. "नाई. हे काम नवीन माणसाले जमत नाई."

निमाईबाबू आले, पकवानवाला सिंधी आला. चुलीभोवती घोळका झाला. अकरा चुलींसमोर गिऱ्हाईक थाळ्या हातात घेऊन उभं, पोरं रडायला लागलेली, आणि दुकानदार सगळे इकडं.

निमाईबाबू डेपोत स्टोअरकीपर होते, आणि सुट्टीच्या दिवशीही त्यांना नोंद बघूनच बोलायची सवय होती. त्यांनी बोटांवर मोजत परिस्थिती मांडली. "देखिये. भाभीजी का बोहनी होगा, तो बापूजी उठेगा. बापूजी उठेगा, तो हमारा बोहनी होगा. भाभीजी का बोहनी कौन करेगा? हम में से कोई भी करेगा. बहुत अच्छा. लेकिन हम बोहनी से पहले अपना पैसा निकालेगा नहीं."

असं बांधलेलं कोडं सुटायला तयार नव्हतं.

"इस्टॅक तो पूरा है," निमाईबाबू खिन्नपणे म्हणाले, "इश्यू नहीं हो सकता."

"एखाद्या गिऱ्हाइकाले सांगा ना, त्यायनं घ्यावी पोळी," बापूजी काकुळतीला येऊन म्हणाले.

गुरबचनसिंगांनी रांगेतल्या एका जवानाला हाक मारून सांगून पाहिलं. जवान नवीन होता. तो पोळीकडं पाहून म्हणाला, "साब, पहले कोई खा के दिखाए."

ते ऐकून बापूजींची मान खाली गेली. गर्दीत कुणीतरी घरी जायची भाषा करत होतं. एका बाईनं पोराला उचललं आणि ती फाटकाकडं निघाली. आंजीची सारवलेली खोली बापूजींच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. हा हात, ज्यानं सगळ्यांचे गल्ले उघडले, तो बायकोसाठी एका लाकडापलीकडं काही उचलू शकत नव्हता.

यशोदाबाई मात्र त्या जवानाकडंच पाहत होत्या. तीन वाजल्यापासून त्या इथं बसल्या होत्या आणि शेजारची चूल त्यांच्या डोळ्यांसमोर होती. कामाक्षीअम्मानं भांडं तीनदा धुतलं होतं, हातपुसणं वेगळं आणि भांडंपुसणं वेगळं ठेवलं होतं, आणि चटणीवर माशी बसू नये म्हणून ओलं केळीचं पान झाकलं होतं. ती पानाची युक्ती यशोदाबाईंनी मनात टिपूनही ठेवली होती.

त्या उठल्या. तांब्यातल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले, पदर खोचला.

"कुठी चालली?" बापूजी घाबरले. "पीठ सुकीन."

"ओलं फडकं टाका त्याच्यावर. जाळ मंद ठेवा." मग त्या थोड्या थांबल्या. "त्या पोराचं बरोबर हाय. तीस वर्सं मी चूल पायल्याबिगर कोणाच्या हातचं खाल्लं नाई, आन् आज बसली इथी, का साऱ्या जगानं माह्या हातचं खावं. असं कुठी असते?"

त्या थेट कामाक्षीअम्माच्या चुलीपाशी गेल्या. अम्मा मागोमाग धावली. यशोदाबाईंनी कनवटीचं नाणं काढलं, तेच राखेचं, पदराला पुसलं आणि दिलं. "एक पिलेट द्या. पैसा माह्या गल्ल्याचा नाई, यायच्या खिशातला हाय."

तवा-लाइन बघत राहिली. बापूजींच्या जागी कुणी दुसऱ्यानं बोहनी करायची, हे दहा वर्षांत घडलं नव्हतं. अम्मानं नाणं घेऊ की नको असं करत बापूजींकडं पाहिलं.

"हात तं एकाच घरचा हाय," बापूजी चुलीपुढून ओरडले. "घ्या अम्मा. माह्या हातात जे काय चांगलं हाय ते तिनंच खाऊ घातलेलं हाय."

नाणं कपाळाला लागलं. यशोदाबाईंनी इडली मोडली, चटणीत बुडवली, तोंडात टाकली. परीक्षेचा निकाल लागायला इतका वेळ लागत नाही. सगळी लाइन त्यांच्या जबड्याकडं पाहत होती.

"नरम हाय," त्या म्हणाल्या. मग आणखी एक घास. "चटणीत मिरची कमी हाय. आमच्याकडची घालून पाहा."

दोन्ही इडल्या त्यांनी उभ्यानं संपवल्या आणि पान चाटल्यासारखं स्वच्छ करून ठेवलं. त्याबरोबर कामाक्षीअम्मानं गल्ल्यातून तेच नाणं काढलं. तिची बोहनी झाली होती, आता तिचा पैसा मोकळा होता. ती तरातरा बाराव्या चुलीपाशी गेली आणि नाणं फडक्यावर ठेवलं. "एक पोळी. भाव करत नाई."

"थांबजो, थांबजो," बापूजींना शंका आली. "हे तं आमच्याच घरचं नाणं."

निमाईबाबूंनी हात वर केला. "आपका था. अण्णाजी को दिया, वो ट्रान्सफर था. अम्मा को दिया, वो सेल हुआ. अब ये अम्मा का है. बिल्कुल चोलेगा."

अशा रीतीनं एका आठ आण्याच्या नाण्यानं अर्ध्या तासात दोनदा प्रयत्न करून, दुसऱ्यांदा, यशोदाबाईंची बोहनी केली. त्यांनी परत येऊन अम्माला पोळी वाढली.

मग मात्र त्यांना कुणी बसू देईना. गुरबचनसिंगांनी त्यांना आपल्या चुलीपाशी नेलं, तिथून निमाईबाबूंनी. मधेमधे परत येऊन पोळ्या टाकत अकराही चुलींवर त्यांनी बोहनी केली आणि प्रत्येक ठिकाणी, खायच्या आधी, एकदा चुलीमागं डोकावून पाहिलं. कबाबवाल्याची शीग बघून त्यांनी मान हलवली तेव्हा तो फौजेच्या तपासणीत पास झाल्यासारखा सरळ उभा राहिला. सिंध्याला मात्र त्यांनी झाडू मागितला.

ज्याची बोहनी होई तो लगेच पोळी घ्यायला धावे, आणि इथंच ती गोष्ट झाली जी कुणाच्या डोक्यात नव्हती. कामाक्षीअम्मानं पोळी रश्शाशी न खाता चटणीशी खाल्ली. गुरबचनसिंगांनी तिच्यात छोले गुंडाळले आणि दोन घासांनंतर म्हणाले, "कुलचे बंद करूँ क्या?" निमाईबाबूंनी तर ती रसगुल्ल्याच्या पाकात बुडवली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. दुकानदार स्वतः खातोय हे पाहिल्यावर गिऱ्हाइकांनीही मागितली. जो जवान "पहले कोई खा के दिखाए" म्हणाला होता त्यानं तीन पोळ्या तीन चुलींवर तीन प्रकारे खाल्ल्या. शेवटी अण्णाजीही परत आले. पोळीत छोले गुंडाळलेले असल्यामुळं ती आता पंजाबी झाली होती आणि ती विकत घ्यायला त्यांना लाज वाटत नव्हती.

दिवेलागणीला पीठ संपलं, गंज पुसून निघाला. बापूजी अजून चुलीपुढंच होते. चेहरा काळा, भुवया अर्ध्या जळलेल्या, आणि पोट सबंध दहा वर्षांत पहिल्यांदाच रविवारी रिकामं.

"अवं," ते म्हणाले, "मले भूक लागली."

यशोदाबाईंनी त्यांच्यासाठी एक पोळी आधीच बाजूला काढून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी आंजीला निरोप गेला, की खोली नको, खापरं पाठवा.

पुढच्या रविवारी चार वाजता तवा-लाइनीत सगळे हात जोडून उभे होते, पण बापूजींसमोर नव्हे. ते जाळाला बसले आणि बाई बोहनीला निघाल्या. बापूजींच्या हाताचं आता कुणी नावही काढत नसे. मिलनंतर त्यांना ही दुसरी निवृत्ती मिळाली होती, आणि हिच्यात हार चुकीच्या उमाट्यांना पडला असं म्हणायलाही जागा नव्हती. जळजळ थांबली. ओव्याचं पाणी आता यशोदाबाईंना लागे, आणि ते बापूजी करून देत.

आठ वर्षं ती बारावी चूल चालली. खापरं फुटत राहिली, बापूजींनी आणलेली जरा जास्त. डेपोतली माणसं बदलून जात, नवी येत, आणि जाताना काही बायका खापर मागून नेत. त्यातलं एक तरी जबलपूरपर्यंत धड पोचलं असेल असं मानायला हरकत नाही.

पण तो पहिला निरोप मिळाल्यावर आले ते रामाजी स्वतः, सहा खापरं गवतात गुंडाळून, आणि सोबत आनंदाबाई. त्यांना पोरखेळ प्रत्यक्ष पाहायचा होता. त्या तवा-लाइनीच्या तोंडाशी नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. डावीकडं कामाक्षीअम्मा पोळीवर चटणी घालत होती, उजवीकडं हवालदार पोळीत छोले भरत होते, आणि मधे धाकटी जाऊ कोपरापर्यंत पीठ घेऊन, कुणालाही न विचारता, गंजात मीठ घालत होती.

"बाई, या. अम्माची इडली खाऊन पाहा," यशोदाबाई म्हणाल्या.

"मी बाहेरचं खात नाई," आनंदाबाई म्हणाल्या. "तुले माहीत हाय."

"माहीत हाय ना," यशोदाबाईंनी पोळी खापरावर अंथरली. "म्हणून तं म्हणते. आधी मांगून जाऊन चूल पाहून या. मंग खा."

आनंदाबाईंनी नाकावरचा पदर खाली घेतला आणि कामाक्षीअम्माच्या चुलीमागं वाकून पाहिलं.